‘व्हायरल’चा पाचवा दिवस

जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या ओपीडीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘व्हायरल आहे, तीन दिवसांत उतरेल.’ बहुतेकांचा ताप उतरतोही. पण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), डेंगी, मलेरिया आणि स्क्रब टायफस हे चौघंही पहिले दोन दिवस फ्लूचं सोंग घेऊन येतात. अचानक ताप, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, तोंडाची चव जाते. एवढ्यावरून यातलं नेमकं काय आहे, हे भल्याभल्या एमडींनाही पहिल्या दिवशी सांगता येत नाही. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं, ‘व्हायरल दिसतंय’ म्हटलं आणि पुढे तो लेप्टो निघाला, तर तेवढ्यावर हलगर्जीपणाची केस उभी राहत नाही. राहूही नये.

खरी गडबड दुसऱ्या भेटीत होते. तिसरा-चौथा दिवस उजाडलाय, ताप हटलेला नाही, पेशंट परत आलाय, आणि केसपेपरवर नवीन एवढंच की एक इंजेक्शन आणि एक सलाईन वाढलंय. नाडी मोजलेली नाही, बीपी लिहिलेलं नाही, रक्त पाठवलेलं नाही. कोर्टात आणि ग्राहक आयोगात जी प्रकरणं टिकतात, त्यांतली बरीचशी या भेटीवर टिकतात.

आधी फ्लू कसा वागतो ते पाहू. इन्फ्लुएन्झात तापासोबत खोकला आणि घसा जवळजवळ नेहमी असतो, ताप साधारण तीन-चार दिवसांत ओसरायला लागतो आणि खोकला मागे रेंगाळतो. नाक-घसा-छाती यांपैकी कशाचीच तक्रार नसेल आणि ताप मात्र १०३ असेल, तर त्याला फ्लू म्हणायला आधार काय, हा प्रश्न पेशंटनेही विचारायला हरकत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी. लेप्टोत आणि स्क्रबमध्ये कधीकधी खोकला असतो, त्यामुळे खोकला आहे म्हणून निश्चिंत होता येत नाही.

लेप्टोपासून सुरुवात करू, कारण मुंबई, ठाणे, कोकणात चकवणारा आजार हाच. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून जंतू पाण्यात-चिखलात उतरतो आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून माणसात शिरतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. तेव्हापासून पाणी तुंबलं की महापालिका ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा असं सांगते. जखम नसलेल्या आणि एकदाच पाण्यातून चाललेल्या प्रौढाला डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदाच पुरतं. ते जेवणानंतर घ्यायचं. गर्भवती आणि आठ वर्षांखालच्या मुलांसाठी औषध वेगळं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

लेप्टोचा ताप ओळखायच्या दोन खुणा तपासणीत मिळतात आणि दोन्हींना पैसे लागत नाहीत. एक, पोटऱ्या दाबल्या की पेशंट कळवळतो. दुसरी, डोळे लालबुंद असतात पण चिपडं येत नाहीत. डोळे आल्यावर जो चिकटपणा असतो तो इथे नसतो. ‘पावसाच्या पाण्यातून चाललात का, भातलावणी केली का, गोठ्यात काम करता का’ हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. हा प्रश्न केसपेपरवर दिसत नसेल तर पुढे डॉक्टरांची बाजू लंगडी पडते, कारण भर पावसाळ्यात कोकणात हे न विचारणं समजावून सांगणं कठीण आहे.

लेप्टोची आयजीएम (रक्तातली प्रतिद्रव्यं शोधणारी) तपासणी पहिल्या पाच-सहा दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, गंभीर असेल तर दवाखान्यात भरती करून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोन शिरेतून. उशीर झाला की काविळीसोबत मूत्रपिंड बसतं आणि फुप्फुसात रक्तस्राव होतो. इथे एक फसगत नेहमीची आहे. डोळे पिवळे दिसले की घरचे ‘कावीळ झाली’ म्हणून झाडपाल्याच्या औषधाला नेतात आणि डॉक्टर हिपॅटायटिसच्या तपासण्या लिहितात. लेप्टोत बिलिरुबिन (काविळीचा आकडा) बरंच वाढतं, पण यकृताची एन्झाइम्स त्या मानाने फार वाढत नाहीत, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) चढायला लागतं. विषाणूंच्या काविळीत एन्झाइम्स हजारांत जातात. दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की फरक दिसतो. ठेवायला मात्र हवेत.

डेंगीची फसगत अगदी उलटी. तो ताप उतरल्यावर मारतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो, घरात सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. हा धोक्याचा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर भरती करायची. आपल्याकडे सगळं लक्ष ‘पेशी किती’ यावर असतं. प्लेटलेट्सचा आकडा व्हॉट्सअॅपवर फिरतो, पपईच्या पानांचा रस निघतो. पण पेशंट शॉकमध्ये चाललाय हे आधी सांगणारा आकडा हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आहे, आणि तो त्याच सीबीसीच्या कागदावर फुकट छापलेला असतो. तो मूळ पातळीच्या २० टक्क्यांनी वाढला आणि त्याच वेळी प्लेटलेट्स झपाट्याने पडल्या, तर वाहिन्या गळताहेत.

तपासणीची वेळ चुकली तर रिपोर्ट खोटं बोलतो. एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची, आयजीएम पाचव्या दिवसानंतर. सातव्या दिवशी केलेली एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून ‘डेंगी नाही’ असं लिहिणारा डॉक्टर चुकतोय. डेंगीवर विषाणू मारणारं औषध नाही, त्यामुळे ‘निदान लवकर झालं असतं तरी काय केलं असतं’ असा बचाव घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. मोजूनमापून द्यायचं सलाईन, चार-सहा तासांनी बीपी आणि लघवीची नोंद, आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन टाळणं, हेच डेंगीचं उपचारशास्त्र आहे. ताप ‘तोडायला’ कमरेत टोचलेलं डायक्लोफिनॅक डेंगीच्या पेशंटमध्ये रक्तस्राव वाढवू शकतं. गावाकडच्या ‘दोन इंजेक्शन आणि एक सलाईन’मधलं दुसरं इंजेक्शन बऱ्याचदा डेक्सामिथासोन या स्टेरॉइडचं असतं. त्याने ताप काही तास गायब होतो, भूक लागते, डॉक्टरांचा हातगुण वाखाणला जातो आणि आजार आत वाढत राहतो.

मलेरियाबद्दल थोडक्यात. एक स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी) निगेटिव्ह आला म्हणजे मलेरिया नाही असं होत नाही. संशय कायम असेल तर १२ ते २४ तासांच्या अंतराने पुन्हा बघायचं, किमान तीनदा. फॅल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, मेंदूत शिरायला दोन-तीन दिवस पुरतात. गडचिरोलीहून आलेल्या किंवा मुंबईत बांधकामावर राहणाऱ्या माणसाच्या तापात पहिल्याच दिवशी स्मिअर किंवा किट न करणं मला तरी समर्थनीय वाटत नाही. तपासणी स्वस्त आहे, सरकारी केंद्रात फुकट आहे.

स्क्रब टायफस हा विदर्भाचा पाहुणा. २०१८मध्ये नागपूर भागात त्याची साथ मोठी होती. गवतातल्या बारीक माइटच्या अळीने चावलं की तिथे सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली पडते, न दुखणारी. ती असते काखेत, जांघेत, स्तनांखाली, कमरेच्या नाडीजवळ. कपडे न काढता तपासलं तर ती दिसतच नाही, आणि आपल्या दवाखान्यांत, विशेषतः बायकांना, कपडे काढून तपासतं कोण? यात सेफिक्सिम, सेफ्ट्रायॅक्सोन यांसारखी नेहमीची महागडी अँटिबायोटिक्स चालत नाहीत, कारण हा जंतू पेशीच्या आत राहतो. स्वस्तातलं डॉक्सिसायक्लिन चालतं आणि ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. पाच दिवस सेफ्ट्रायॅक्सोन चालू आहे, ताप जागचा हललेला नाही आणि तरी औषध बदललेलं नाही, असे चार्ट पाहिले की कागद वाचणाऱ्याला पुढचं पान उलटायच्या आधीच कळतं.

पहिल्या दिवसाची माफी ज्यांना लागू नाही असेही आजार आहेत. तापासोबत मान ताठ, उजेड सहन होत नाही, मूल झोपेतून नीट जागं होत नाही, काच दाबली तरी न मावळणारे जांभळे ठिपके (आपल्या सावळ्या कातडीवर ते तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत शोधावे लागतात) हे मेनिंजायटिसचं किंवा रक्तात जंतू पसरल्याचं चित्र आहे. इथे दिवस नाही, तास मोजायचे असतात. मोठ्यांमध्ये श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि बोलण्यात असंबद्धपणा, यांपैकी दोन गोष्टी असतील तर ‘घरी आराम करा’ हा सल्ला चूकच.

आता ‘व्हायरल’नंतरची पायरी. चौथ्या दिवशी ताप असला की विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) होते, आणि ‘टायफॉइड निघाला’ म्हणून पेशंट आणि डॉक्टर दोघेही सुटकेचा श्वास सोडतात. टायफॉइडची प्रतिद्रव्यं साधारण दुसऱ्या आठवड्यात वाढतात. आपल्याकडे पूर्वीचा संसर्ग किंवा लस यामुळे एकच विडाल कोणाचीही थोडीफार पॉझिटिव्ह येऊ शकते. पहिल्या आठवड्यात विश्वास ठेवायचा तो अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी घेतलेल्या ब्लड कल्चरवर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी). कल्चर न घेता अँटिबायोटिक दिलं की पुढच्या डॉक्टरचीही वाट बंद होते.

व्हायरल, मग टायफॉइड, मग मोठं हॉस्पिटल. ही वाट सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ जशीच्या तशी पाहिलेली आहे. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल, १९९६. मुंबईतलं प्रकरण. जुलै १९९२मध्ये एका तरुण माणसाला ताप आला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हणून आणि नंतर टायफॉइड म्हणून अॅलोपॅथीची औषधं दिली, तीही तपासण्यांशिवाय, परिसरात त्या आजारांची साथ आहे एवढ्या अंदाजावर. मग एक नर्सिंग होम, मग मोठं हॉस्पिटल. तिथे बेशुद्धावस्थेत पोचल्यावर काही तासांत मृत्यू. ज्या पद्धतीचं शिक्षण नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा लागत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि तीन लाखांची भरपाई दिली. २०१४मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना मर्यादित मुभा दिली, त्यावरचं भांडण अजून चालू आहे. पण साथ आहे म्हणून अंदाजाने उपचार, या भागाला ती मुभा लागू पडत नाही.

दुसरा निकाल हैदराबादचा, व्ही. किशन राव विरुद्ध निखिल सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, २०१०. दैवदुर्विलास असा की तक्रारदार स्वतः मलेरिया विभागात अधिकारी होते. पत्नीला थंडी वाजून ताप येत होता. हॉस्पिटलने चार दिवस टायफॉइडचे उपचार केले. दुसरीकडे हलवल्यावर विडाल निगेटिव्ह आणि मलेरिया पॉझिटिव्ह आला, तोवर उशीर झाला होता. जिल्हा ग्राहक मंचाने (आताचा आयोग) दोन लाख आणि वर दहा हजार परत द्यायला सांगितलं, राज्य आणि राष्ट्रीय आयोग या वरच्या दोन पायऱ्यांनी ते फिरवलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बहाल केलं. या निकालाचं मोल रकमेत नाही. प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत तज्ज्ञाचा अहवाल आणलाच पाहिजे असं नाही, जिथे चूक उघड दिसते तिथे मंच स्वतः निर्णय देऊ शकतो, हे यात स्पष्ट झालं. डॉक्टरांविरुद्ध लिहून द्यायला दुसरा डॉक्टर मिळत नाही, हे ज्यांनी शोधून पाहिलंय त्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

तरी उघड चूक क्वचितच मिळते. जेकब मॅथ्यू निकाल (२००५) सांगतो की निदान चुकणं वेगळं आणि निष्काळजीपणा वेगळा. त्याच परिस्थितीत सामान्य कौशल्याचा डॉक्टर काय करेल, ही मोजपट्टी. म्हणून तक्रारीत ‘चुकीचं निदान केलं’ असं लिहून भागत नाही. ‘चौथ्या दिवशी ताप १०३ असताना, पाण्यातून चालल्याचं सांगितलेलं असताना, सीबीसी आणि क्रिएटिनिन केलं नाही, पुढे पाठवलं नाही’ असं न केलेल्या कृतींवर बोट ठेवावं लागतं. आणि दुसरा दुवाही जोडावा लागतो, त्या दिवशी केलं असतं तर परिणाम बदलला असता का. फॅल्सिपॅरम, लेप्टो, स्क्रब यांत औषध हाताशी असल्याने तो जोडणं तुलनेने सोपं.

पोलीस ठाण्यात धावणं मला बहुतेक प्रकरणांत वाया गेलेली शक्ती वाटते. फौजदारी गुन्ह्यासाठी ढोबळ, घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी, डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे, त्यात नोंदणीकृत डॉक्टरांसाठी कमाल शिक्षा दोन वर्षं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी निलंबित करू शकते, पैसे देऊ शकत नाही. दवाखान्याची तोडफोड केली तर तुमचीच केस बुडते, शिवाय कागद गहाळ व्हायला निमित्त मिळतं.

कागद. सगळं इथे येऊन थांबतं. भरती पेशंटच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या आणि तीन वर्षं जपून ठेवायच्या, असा २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. अर्ज दोन प्रतींत करा, एका प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा. ‘फाइल द्या’ असं मोघम लिहू नका. भरतीचा केसपेपर, रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, ताप-नाडी-बीपीचा चार्ट, सलाईन आणि लघवीचा चार्ट, औषधांचा चार्ट, सगळे लॅब रिपोर्ट, रेफर चिठ्ठी, तपशीलवार बिल, असं एकेक नाव घालून मागा. डिस्चार्ज कार्ड हे नंतर, शांतपणे लिहिलेलं असतं. नर्सिंग चार्ट रात्री तीन वाजता लिहिलेला असतो, त्यामुळे खरं काय ते त्यातच सापडतं. बीपी ८० झाल्याची नोंद १.३० वाजता आणि डॉक्टरांची पुढची नोंद सकाळी ८ची, असं अंतर तिथे दिसतं. मेडिकलच्या दुकानाची बिलंही जपा. आर्टेसुनेट (मलेरियाचं औषध) किंवा डॉक्सिसायक्लिन पहिल्यांदा कोणत्या दिवशी विकत आणलं, हे बिलावरची तारीख सांगते, मग फाइलमध्ये काहीही लिहिलेलं असो. लॅब रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ आणि रिपोर्ट दिल्याची वेळ वेगळ्या असतात. दोन्ही टिपून ठेवा.

छोट्या दवाखान्यात अडचण वेगळी. तिथे पुडीत गोळ्या मिळतात, चिठ्ठी नाही, पावती नाही, इंजेक्शनचं नाव नाही. अशा वेळी ताप दुसऱ्यांदा घेऊन गेलात की सरळ सांगा, औषधांची नावं आणि आजचं बीपी लिहून द्या, पुढे दाखवायला लागेल. फोनवर पैसे पाठवले असतील तर त्या व्यवहाराची तारीख-वेळ ही भेटीची साक्ष असते. घरी वहीत ताप, लघवी आणि दिलेली औषधं वेळेसह लिहायची सवय ठेवा. ती पुढच्या डॉक्टरला आधी उपयोगी पडते आणि आयोगाला नंतर.

मृत्यू झाला असेल तर प्रमाणपत्रावर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढंच कारण मान्य करू नका. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो. तो कशामुळे थांबला ते लिहिलेलं हवं. शवविच्छेदनाला घरचे नकार देतात, ते समजण्यासारखं आहे. पण निदानाबद्दलच वाद असेल तर नंतर त्याची भरपाई कशानेच होत नाही. किमान लॅबला लेखी कळवून उरलेला रक्ताचा नमुना टाकू नका असं सांगा, आणि तेही त्याच दिवशी, कारण लॅब नमुने फार दिवस ठेवत नाहीत.

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९नुसार. उशिराला सबळ कारण लागतं. हॉस्पिटलला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. विमा कंपनीने बिल भरलं असलं तरी तुम्ही ग्राहकच, हे १९९५च्या व्ही. पी. शांता निकालापासून ठरलेलं आहे. जिथे सगळ्यांनाच सगळं मोफत आहे असं सरकारी रुग्णालय मात्र या कायद्याबाहेर राहतं. तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेवेळी पोटात टॉवेल राहिल्याचं अच्युतराव खोडवा प्रकरण १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच वाटेने पोचलं आणि डॉक्टरांच्या चुकीची भरपाई राज्य सरकारने द्यायची असं ठरलं. घटना मात्र १९६३ची होती.